भट्टी विझली, वास आला
फ्रंट लोड वॉशिंग मशीनला कुबट वास आला की आपण यंत्राला दोष देतो. इतिहास पाहिला तर दोषी थंड पाणी ठरते. 1937 साली बेंडिक्स कंपनीने अमेरिकेत पुढून दार असलेले घरगुती स्वयंचलित यंत्र आणले. हादऱ्यांमुळे ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे (तेव्हाची तक्रार ही!), पण धुणे गरम पाण्याचे होते. युरोपात पांढरे कपडे 90 अंशांवर, म्हणजे जवळजवळ उकळूनच धुवत. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर परीट तेच भट्टीत करीत: सोड्याच्या पाण्यात उकळायचे, दगडावर आपटायचे, कडक उन्हात वाळवायचे. पुढे एन्झाइमयुक्त पावडरी आल्या, वीज वाचवायची निकड वाढली आणि पाणी 30-40 अंशांवर उतरले. आता दाराच्या रबरी कड्याची घडी उलटून पाहा: काळपट, बुळबुळीत थर, त्यात केस, धागे, साबणाचा गाळ.

कोणी म्हणेल, टॉप लोडमध्येही पाणी थंडच असते. असते; पण तिथे घडीचे कडे नाही, झाकणही सैल. इथे घट्ट दार ओल कोंडून ठेवते. म्हणून रोज कपडे उकळावेत असे नाही. वीज जाईल आणि कपडेही. महिन्यातून एकदा रिकामे यंत्र 60 अंशांच्या वर फिरवा, कडे कोरडे पुसा आणि दार उघडे ठेवा.