घोडेबाजारातून मोटारबाजारात

आपल्याकडे गुरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होत असे. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटे दाबून आकडा ठरवीत, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना त्याचा पत्ता लागत नसे. जनावराचे वय दातांवरून पाहावयाचे. परंतु दात कोरून म्हातारा घोडा तरुण म्हणून विकणारेही जगभर होते. ज्या व्यवहारात किंमत उघड नसते आणि मालाचा खरेपणा विकणाऱ्यालाच ठाऊक असतो, त्या व्यवहाराला मराठीने 'घोडेबाजार' असे नाव दिले आहे ते काही उगाच नव्हे.

आज मी ज्या बाजाराची हकीकत सांगणार आहे तो अमेरिकेतील जुन्या मोटारींचा बाजार आहे. विषय वरवर पाहता परका आणि किरकोळ वाटेल. तथापि त्यात एक ऐतिहासिक कोडे आहे. फिलाडेल्फियाचा जॉन वानामेकर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या भव्य दुकानात प्रत्येक वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लावली आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची प्रथा रुळविली. कापड, भांडी, चहासाखर यांतून अमेरिकेत घासाघीस हद्दपार होत गेली. असे असता, विसाव्या शतकातील सर्वांत आधुनिक वस्तू जी मोटार, तिचाच सौदा पुन्हा रुमालाखाली का गेला? आणि तोही रस्त्यावरच्या एखाद्या भुरट्या व्यापाऱ्याकडे नव्हे, तर कारखान्याची पाटी मिरविणाऱ्या अधिकृत विक्रेत्याच्या दारात?

या कोड्याची उकल करावयाची तर प्रथम हा अधिकृत विक्रेता कोण, हे समजून घेतले पाहिजे. मोटारींचे कारखाने निघाले तेव्हा कारखानदारांचे सारे भांडवल यंत्रांत आणि मालात गुंतत होते. गावोगाव स्वतःची दुकाने काढणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी स्थानिक व्यापाऱ्यांशी करार केले. व्यापाऱ्याने जागा घ्यावी, दुरुस्तीचे सामान ठेवावे, गाडी रोख पैसे देऊन कारखान्यातून उचलावी आणि आपल्या जबाबदारीवर विकावी. बदल्यात त्याला कंपनीचे नाव आणि छापील किमतीवर सूट मिळे. म्हणजे हा मनुष्य कंपनीचा नोकरही नव्हता आणि पुरता स्वतंत्रही नव्हता. त्याने किती गाड्या उचलाव्यात हे बहुधा कारखाना ठरवी, आणि न उचलल्यास करार रद्द होण्याची टांगती तलवार डोक्यावर असे.

या तलवारीचा प्रत्यय १९२०-२१ च्या मंदीत आला. हेन्री फोर्ड याच्यावर कर्जाचा बोजा होता आणि गाड्यांना मागणी नव्हती. त्याने बँकांकडे हात पसरला नाही. कारखान्यात साठलेल्या मालाच्या गाड्या बांधून त्या त्याने विक्रेत्यांकडे रवाना केल्या, आणि गाडी पोचताच पैसे भरा असे फर्माविले. विक्रेत्यांनी आपापल्या गावच्या बँकांतून कर्जे काढली आणि ते पैसे भरले. फोर्डचे कर्ज फिटले. ते देशभरच्या विक्रेत्यांच्या डोक्यावर गेले. वरून दाब आला की तो खाली कसा सरकतो, याचा हा पहिला मोठा धडा होय.

दुसरी गोष्ट याच दशकात घडली. तोवर गाडी घेणारा मनुष्य बहुधा आयुष्यातली पहिलीच गाडी घेत असे. आता ज्याच्याकडे गाडी आहे असाच मनुष्य नवी घेण्यास येऊ लागला. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी पुढे आपल्या आठवणींत या काळातील व्यापारक्रांतीची चार कारणे दिली आहेत: हप्त्याने विक्री, जुनी गाडी मोबदल्यात घेणे, बंदिस्त टपाची गाडी आणि दरसाल नवा नमुना. त्यांतील दुसरे कारण आपल्या विषयाचे मूळ आहे. आपल्याकडे मोडीची भांडी देऊन नवी घेतात, त्याचाच हा प्रकार. परंतु भांड्याचे पितळ तराजूत तोलता येते. जुन्या गाडीला तराजू कोणता?

येथे व्यवहाराची गुंतागुंत एका हिशेबाने स्पष्ट करतो. समजा, नव्या गाडीची छापील किंमत १००० डॉलर आहे आणि त्यात विक्रेत्याला २५० डॉलर सुटतात. गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीची खरी किंमत ३०० डॉलर आहे. नवी गाडी खपविण्याची घाई असलेला विक्रेता त्या जुन्या गाडीचे ४०० धरतो. नव्या गाडीची किंमत कागदोपत्री कमी झाली नाही, कारखाना खूष. गिऱ्हाइकाला शंभर जास्त मिळाले, तेही खूष. पण विक्रेत्याच्या अंगणात तीनशेची गाडी चारशेला पडून आहे. आता एकतर त्याने शंभर सोडावेत, नाहीतर तिला रंगरोगण करून ती चारशेची आहे असे पुढच्या माणसाला पटवावे. हा पुढचा माणूस कोण? ज्याची नवी गाडी घेण्याची ऐपत नाही तो. नव्या गाडीवरची गुप्त सूट अखेर जुनी गाडी घेणाऱ्याच्या खिशातून निघते, ती अशी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जुन्या मोटारींची विक्री नव्यांच्या विक्रीहून अधिक झाली होती. म्हणजे हा तोट्याचा पसारा धंद्याच्या कोपऱ्यात नव्हता, मध्यभागी होता.

भाव समजण्याचे साधन नव्हते असे मात्र नाही. लॉस एंजेलिसचा व्यापारी लेस केली याने १९२६ साली जुन्या गाड्यांच्या भावांचे पुस्तक छापले आणि ते 'केली ब्लू बुक' म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु ते व्यापारी आणि बँका यांच्यासाठी होते. सामान्य ग्राहकासाठी त्याची आवृत्ती निघाली १९९३ साली! सदुसष्ट वर्षे रुमालाखालचा आकडा छापलेला होता, पण तो एकाच बाजूच्या हातात होता.

दुसऱ्या महायुद्धात हा बाजार उलटा झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबले. जुन्या गाडीला सोन्याचा भाव आला आणि जुलै १९४४ मध्ये सरकारला जुन्या मोटारींच्या कमाल किमती ठरवून द्याव्या लागल्या. युद्धानंतरही काही वर्षे टंचाई टिकली. नवी गाडी हवी असेल तर नको असलेले जादा सामान घ्या आणि जुनी गाडी मातीमोल भावाने द्या, असा विक्रेत्यांचा बाणा झाला. कित्येक कोऱ्या गाड्या 'जुन्या' म्हणून छापील किमतीहून अधिक दराने विकल्या गेल्या. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. परवाने आणि नियंत्रणे यांच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट मिळण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत, आणि हाती असलेली वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग जाई. टंचाई असली की विकणारा राजा होतो, मग देश कोणताही असो.

१९५० नंतर अमेरिकेत माल मुबलक झाला आणि कारखान्यांचा दाब परत आला. विक्रेते आधी नव्या गाडीची किंमत फुगवीत आणि मग जुन्या गाडीचे भरमसाट पैसे दिल्याचा देखावा करीत. तक्रारी इतक्या वाढल्या की ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या समितीने चौकशी हाती घेतली. यापुढे जे कायदे झाले त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

प्रथम, १९५६ साली, संरक्षण मिळाले ते विक्रेत्याला. कारखान्याने सचोटीने न वागता करार मोडला, तर त्याला संघराज्याच्या न्यायालयात जाता येऊ लागले. नंतर, १९५८ साली, संरक्षण मिळाले नवी गाडी घेणाऱ्याला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने सुचविलेली किंमत आणि जादा सामानाचे दर लिहिलेला कागद लावणे सक्तीचे झाले. अमेरिकन लोक त्या कागदाला आजही मन्रोनीच्या नावाने ओळखतात. वानामेकरची चिठ्ठी मोटारीवर चढण्यास अशी निदान ऐंशी वर्षे लागली. परंतु जुन्या गाडीची काच कोरीच राहिली. १९७२ साली मैल मोजणारे यंत्र मागे फिरविणे सबंध देशात बेकायदा ठरले. म्हणजे घोड्याचे दात कोरण्यास बंदी झाली. पण घोडा लंगडा आहे की नाही हे सांगण्याचे बंधन अजून नव्हतेच.

याच सुमारास या बाजाराला एक भाष्यकार भेटला. बर्कली येथील तरुण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींवर एक छोटा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला. त्यांतील दोघांना तो क्षुल्लक वाटला. १९७० मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि २००१ साली त्याच्या कर्त्याला दोघा सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे मर्म सोपे आहे. विकणाऱ्याला गाडीचा दोष ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही मध्यम किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे तिच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. मागे राहिलेल्या गाड्यांचा दर्जा आणखी घसरतो, त्याबरोबर किंमत घसरते आणि आणखी काही चांगले लोक निघून जातात. म्हणजे लबाडीचा खरा खर्च एका फसलेल्या गिऱ्हाइकापुरता नसतो. प्रामाणिक माणसाचा व्यापारच ती बुडविते. हे पटविण्यासाठी अकरलॉफ यांनी आपल्याकडचा एक दाखला दिला आहे. भारतातील बाजारात तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळतात आणि गृहिणीला ते निवडीत बसावे लागते, असे त्यांनी लिहिले. सूप हाती घेतलेल्या आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या जो हिशेब मांडीत होत्या, तो असा अर्थशास्त्रात नोंदला गेला.

खडे निवडण्याचे काम विकणाऱ्यावर टाकता येईल काय? अमेरिकन काँग्रेसने १९७५ साली फेडरल ट्रेड कमिशनला या बाजारासाठी नियम करण्यास सांगितले. १९८१ साली कमिशनने नियम केला की विक्रेत्याने स्वतःला ठाऊक असलेले मोठे दोष काचेवर लिहून द्यावेत. विक्रेत्यांच्या संघटनेने जंग जंग पछाडले, आणि मे १९८२ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो नियम मोठ्या बहुमताने फेटाळला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसचा असा नकाराधिकारच घटनाबाह्य ठरविला. नियम जिवंत झाला असे वाटले. पण कमिशनने तो पुन्हा तपासला आणि १९८४ मध्ये दोष सांगण्याचे कलम गाळून तो जारी केला. विरोधकांच्या बाजूने एक विचार करण्याजोगा मुद्दा होता, तो सांगितला पाहिजे. ठाऊक असलेला दोष सांगण्याची सक्ती केली, तर शहाणा विक्रेता गाडी तपासणारच नाही. अज्ञान हेच त्याचे कवच होईल. मुद्दा खोटा नव्हे. परंतु त्याचा निष्कर्ष तपासणी सक्तीची करा असाही निघू शकला असता. तो काढला गेला नाही.

मे १९८५ पासून विक्रेत्याच्या प्रत्येक जुन्या गाडीवर एक कागद आला. हमी आहे, की गाडी 'आहे तशी' विकली जात आहे, एवढे तो सांगतो. तोंडी वचने लेखी घ्या आणि आपल्या कारागिराला गाडी दाखवा, असा सल्लाही देतो. म्हणजे सूप अखेर गृहिणीच्याच हाती राहिले.

यानंतर कारखान्यांनी आणि अधिकृत विक्रेत्यांनी स्वतःच एक उपाय काढला, तो प्रमाणपत्राचा. १९९० नंतरच्या दशकात भाडेकराराने दिलेल्या गाड्या मोठ्या संख्येने परत येऊ लागल्या. त्या तपासून, कंपनीची हमी जोडून, थोड्या चढ्या किमतीस विकण्याची प्रथा पडली. अकरलॉफ यांच्या रोगावर हे औषध बरोबरच होते, कारण नाव गमावण्याची भीती असलेला मनुष्य शब्द देत होता. पण औषधातही भेसळ होऊ शकते. कारखान्याने दोषामुळे परत बोलाविलेली नवी गाडी दुरुस्तीवाचून विकण्यास तेथे मनाई आहे; जुन्या गाडीला संघराज्याच्या कायद्यात तशी मनाई नाही. अनेक कलमांची तपासणी केल्याची जाहिरात करायची आणि त्या गाडीवर अशी दुरुस्ती बाकी आहे हे पुरेसे स्पष्ट सांगायचे नाही, अशी तक्रार कमिशनने जनरल मोटर्स आणि दोन मोठ्या विक्रेता संस्थांविरुद्ध केली, आणि २०१६ साली ती तडजोडीच्या हुकुमाने मिटली. डिसेंबर २०२३ मध्ये कमिशनने खोट्या किमती आणि लपविलेले आकार यांविरुद्ध नवा नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो कार्यपद्धतीच्या दोषावरून रद्द केला.

या शंभर वर्षांच्या हकीकतीतून विक्रेता तेवढा दुष्ट, असा अर्थ कोणी काढू नये. तो वरच्या दाबाखाली होता आणि त्याने तो खाली दिला. जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओझे एकेक पायरी खाली उतरत आले. कायद्याचे संरक्षणही त्याच क्रमाने उतरले, पण सावकाश, आणि शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यातले निम्मे उरले नाही. त्या पायरीवर जो उभा आहे, त्याला गाडी हौसेसाठी नको असते. कामावर वेळेवर पोचण्यासाठी हवी असते. ती बंद पडली तर त्याची मजुरी बुडते.

आपल्याकडेही आता जुन्या मोटारींचा बाजार वाढला आहे. अशा गाड्यांच्या विक्रेत्यांची नोंद करण्याचे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. सुरुवात चांगली आहे. परंतु विक्रेता कोण हे कळणे निराळे आणि गाडी कशी आहे हे कळणे निराळे. अमेरिकेला पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाताना जी वर्षे लागली, ती आपण वाचवू शकू काय, हे आपल्या मागणीवर अवलंबून आहे. ज्याला दोष ठाऊक आहे त्यानेच तो सांगावा, ही मागणी लहान दिसते. तिच्यासाठी एका बलाढ्य लोकशाहीत दोन्ही सभागृहांत मते पडली आणि ती हरली, हे आपण विसरू नये.