भात्याचा सूर की तारेचा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या डाळजपासून फार लांब नसलेल्या एका गावातल्या ख्रिस्ती मंडळीकडून मला निरोप आला. माझ्या लेखनाशी त्याचा संबंध नव्हता. मी वारकरी घरात वाढलो, भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि जुन्या पेट्यांचे भाते दुरुस्त करण्याचा मला नाद आहे, एवढे त्यांच्या कानावर गेले होते. चर्चच्या कोपऱ्यात पायपेटी उभी होती. तिच्या भात्याला चिरा पडल्या होत्या आणि काही स्वरांच्या घरात कुंभारीण माशीने मातीची घरटी बांधली होती. वाद्यासाठी कोणीतरी देणगी देऊ केली होती, आणि त्या पैशांतून पायपेटी दुरुस्त करायची की नवा विजेवरचा पियानो आणायचा, यावरून मंडळीत दोन तट पडले होते. वडीलधारे म्हणत, उपासनेला ऑर्गनच हवा. तरुण संघातली मुले म्हणत, ऑर्गनमागे गाताना झोप येते.

मला फक्त भाता पाहायला बोलावले होते. पण हा वाद किती जुना आहे आणि तो मराठी मुलखात कसा पोहोचला, हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी घरी आलो. वर्षभर त्यामागे लागून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी वाद्यांचा स्वभाव पाहू. ऑर्गन वाऱ्यावर वाजतो. मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनमध्ये वारा नळ्यांतून फुंकला जातो, पायपेटीत तो पितळी पट्ट्यांवरून जातो. दोन्हींत बोट पट्टीवर असेपर्यंत सूर तसाच उभा राहतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून सूर विरू लागतो. शंभर-दीडशे न शिकलेले गळे एकत्र गातात तेव्हा त्यांना टेकायला अखंड सूर लागतो. तो ऑर्गन देतो. मात्र ऑर्गनला आघात नाही, त्यामुळे गाणे हळूहळू रेंगाळते. पियानोचा आघात लय धरून ठेवतो, पण लांब स्वर त्याला पेलत नाही. त्या गावातली मुले आणि म्हातारी माणसे आपापल्या परीने खरेच बोलत होती.

युरोपात हा प्रश्न थेट धर्मपीठापर्यंत गेला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी आज्ञापत्र काढले. त्यात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास स्पष्ट मनाई होती आणि ढोल-झांजांसारखी वाद्येही त्याच पंक्तीत बसवली होती. कारण उघड आहे. पियानो हे तेव्हा दिवाणखान्याचे आणि मैफलीचे वाद्य होते, आणि त्याच्याबरोबर तिथली हवाही आत येईल अशी भीती होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात नळ्यांच्या ऑर्गनचा मान कायम ठेवला, पण स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही दार उघडले.

ऑर्गनचे पावित्र्य तरी सर्वांना मान्य होते का? तसेही नाही. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये दीर्घ काळ कोणतेच वाद्य चालत नसे. स्तोत्रे नुसत्या गळ्याने गायची. तिथले लोक ऑर्गनला हिणवून ‘शिट्ट्यांचा पेटारा’ म्हणत. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये १८६० च्या दशकात आधी हार्मोनियम आणि मग ऑर्गन आला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुंबईत १८२९ मध्ये आलेले आणि पुढे ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज ओळखले जाऊ लागले, ते जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतले. म्हणजे मराठी माणसापर्यंत ख्रिस्ती उपासना पोहोचवणाऱ्यांपैकी काहींच्या मायदेशी ऑर्गनच परका होता. आज जो ‘आमचा परंपरागत ऑर्गन’ म्हणून सांगितला जातो, तोही कधीतरी भांडून आत आलेला आहे.

आपल्याकडे नळ्यांचा मोठा ऑर्गन आला तो शहरांतल्या इंग्रजी उपासनेसाठी. मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा १८५८ चे कुलाब्याचे अफगाण चर्च ही त्याची ठिकाणे. खेड्यांतल्या मंडळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले. या मिशनची पालक संस्था बोस्टनची, आणि पायपेट्या बनवणारी मेसन अँड हॅमलिन ही नामांकित कंपनीही १८५४ मध्ये त्याच शहरात निघाली. अशा पायपेट्या मिशनऱ्यांबरोबर जगभर गेल्या. शिकागोच्या बिल्हॉर्न यांनी तर पेटीसारखा मिटवून उचलून नेता येणारा ऑर्गनच काढला.

खेड्यात पियानो का टिकला नसता, हे कारागिराला चटकन कळते. पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण अनेक टनांचा असतो. आमच्या भागातल्या चैत्र-वैशाखात लाकूड सुकते, पावसाळ्यात फुगते, आणि तारा उतरतात. सूर लावणारा जाणकार आणायचा कुठून? याउलट पितळी पट्टीचा सूर वर्षानुवर्षे फारसा हलत नाही, आणि हलला तर पेटी दुरुस्त करणारा कोणीही पट्टी किंचित खरवडून तो जागेवर आणू शकतो. ऑर्गन की पियानो, या प्रश्नाचा निकाल खेड्यांत धर्मशास्त्राआधी हवामानाने आणि बैलगाडीने लावला.

पण पायपेटीवर गायचे काय? सुरुवातीची बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही तिकडच्याच. इंग्रजी वृत्त आघातावर चालते. आपली ओवी आणि अभंग अक्षरांच्या मोजणीवर चालतात आणि गाताना हवे तिथे स्वर लांबवतात. मराठी शब्द परक्या चालीत बसवले की नको त्या अक्षरावर जोर येतो आणि अर्थ लंगडतो. ही अडचण ओळखणाऱ्यांत नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे एक. त्यांनी देशी चालींवर गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. मग आले नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी भजने आणि अभंग यांचा असा साठा उभा केला की ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाची कल्पना त्यांच्याशिवाय करता येत नाही.

इथे मला माझ्या घरचा धागा सापडला. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तेव्हा आम्ही ज्या घाटाचे अभंग गातो, त्याच घाटात टिळकांनी ख्रिस्ताला आळवले आहे. अशा अभंगाला ना ऑर्गनची गरज, ना पियानोची. टाळ, मृदंग आणि साथीला पेटी पुरते.

ही हातपेटी पायपेटीचीच धाकटी बहीण. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी हार्मोनियमचे पेटंट घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला हाताने भाता मारायच्या, जमिनीवर बसून वाजवायच्या रूपात आणले. या बदलात मोठी देवाणघेवाण झाली. पायपेटीवर भाता पाय सांभाळतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून चार आवाजांची पाश्चात्त्य स्वरसंगती वाजवता येते. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. उरलेल्या हाताने मुख्य चालच वाजते. तिकडच्या गीताची भरीव वीण गेली, पण वादक बाकावरून उतरून सतरंजीवर, गाणाऱ्यांच्या बरोबरीने बसला.

पेटीवरही आक्षेप आलेच. तिचे स्वर बांधलेले, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या व न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम घडवली गेली. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदीच घातली होती. भजनी मंडळांनी आणि खेड्यातल्या चर्चनी या बंदीची फिकीर केली नाही.

आणि पायपेटीचे काय झाले? तिला मराठी मुलखात सर्वांत थाटाची जागा मिळाली ती रंगभूमीवर. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनचा भरलेला सूर हे नाट्यसंगीताचे लेणेच झाले. आजही संगीत नाटकाची नांदी ऑर्गनवर ऐकायची सवय असलेल्या कितीतरी रसिकांच्या मनात चर्चचा विचारही येत नसेल. कारण मात्र दोन्हीकडे एकच: लांबवलेल्या आलापाला किंवा लांबवलेल्या स्तोत्राला पाठीशी न विरणारा सूर लागतो.

हे सगळे घेऊन मी त्या मंडळीकडे परत गेलो. निकाल द्यायचा मला अधिकार नव्हता. मी एकच विनंती केली: चार रविवार कोणती गीते गायली जातात आणि कोणत्या वाद्यावर, ते एका वहीत लिहा. महिन्याने पाळकांनी वही पुढे केली. निम्म्याहून अधिक गीते देशी चालींची होती आणि त्यांना हातपेटी व ढोलकी वाजत होती. पायपेटी की पियानो हे भांडण उरलेल्या गीतांपुरते होते. ती बहुतेक प्रभुभोजनाची, लग्नाची आणि दफनविधीची होती.

वही वाचून झाल्यावर एक आजोबा उठले. “आमच्या हिच्या मातीला हीच पेटी वाजली होती,” एवढेच म्हणून ते बसले. पियानोसाठी सर्वांत जास्त आग्रह धरणारा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने मला विचारले, “काका, भात्याला किती खर्च येईल?”

खर्च फार आला नाही. घरटी खरवडून काढली, भात्याला नवे कातडे लावले. एक कोमल निषाद मात्र हट्टाने मुका राहिला. त्याची पट्टी मोडली होती, ती एका निकामी पेटीतून काढून बसवली. उरलेल्या देणगीतून मुलांनी विजेवरचे लहान वाद्य घेतले. त्यावर ऑर्गनसाठी एक बटण आहे आणि पियानोसाठी दुसरे. पायपेटी शिकायला दहावीतली एक मुलगी तयार झाली आहे. परवा तिने विचारले की संथ गीतात भाता कमी मारला तर चालतो का. मी तिला म्हटले, लोक श्वास कुठे घेतात ते ऐक आणि त्याप्रमाणे पाय चालव.