यंत्राची बैठक : मांडणें आणि उठविणें



यंत्राला जें काम सांगावयाचें, तें सारें आधीं लिहून एकदम हवालीं करावें, कीं एकेक वाक्य सांगत आणि त्याचें उत्तर ऐकत पुढें जावें? प्रश्न साधा दिसतो. पण संगणकाच्या इतिहासांत तो दोनदां उभा राहिला, आणि दोन्ही वेळां शिकणाऱ्याची वाट त्यानें बदलली.

पहिली वेळ थोडक्यांत सांगतों. १९५० नंतरच्या दशकांत यंत्राचा वेळ माणसाच्या वेळेहून महाग होता. आज्ञा जाड कागदाच्या पत्त्यांवर छिद्रें पाडून लिहावयाच्या, तो गठ्ठा कचेरींत द्यावयाचा आणि छापील उत्तरासाठीं तासन् तास वाट पाहावयाची. एक चिन्ह चुकलें कीं सारा फेरा पुन्हां. नोव्हेंबर १९६१ मध्यें अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो यांनीं एकच यंत्र अनेकांना एकाच वेळीं वापरूं देण्याची पद्धति चालवून दाखविली. पुढें १ मे १९६४ रोजीं डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कुर्ट्झ या गणिताच्या अध्यापकांची 'बेसिक' भाषा सुरू झाली, आणि नवशिका विद्यार्थीहि टंकयंत्रापुढें बसून यंत्राशीं बोलूं लागला. अशा बसण्याला 'सेशन' म्हणतात. आपण त्याला बैठक म्हणूं.

अर्ध्या शतकानें तोच प्रश्न यंत्र-शिक्षणाच्या क्षेत्रांत फिरून आला. यंत्र-शिक्षण म्हणजे उदाहरणें दाखवून, उत्तरांतील चुकीचें माप घेऊन, आंतले असंख्य अंक थोडे थोडे सुधारीत यंत्राला तयार करणें. त्यासाठीं गूगल कंपनीनें ९ नोव्हेंबर २०१५ रोजीं 'टेन्सरफ्लो' हा आज्ञासंग्रह सर्वांस खुला केला. मॉन्ट्रियल विद्यापीठांतील 'थियानो' या आधींच्या संग्रहाप्रमाणें त्याचीहि रीत 'आधीं आराखडा, मग कृति' अशी होती. दोन आणि तीन यांची बेरीज लिहिली तर पांच मिळत नसत. 'येथें एक बेरीज व्हावयाची आहे' एवढी नोंद आराखड्यांत होई. मग सेशन उघडून 'रन' अशी आज्ञा दिल्यावर पांच हातीं येत.

हा हट्ट निष्कारण नव्हता. सारा आराखडा आधीं ठाऊक असला म्हणजे अनावश्यक पायऱ्या गाळतां येतात, काम अनेक यंत्रांवर वांटतां येतें, आणि तयार झालेली वस्तु पायथॉन भाषेवांचूनहि चालवितां येते. पण शिकणाऱ्याचे हाल होत. चूक दहाव्या ओळींत करावी आणि तिची तक्रार शंभराव्या ओळींत, 'रन' म्हटल्यावर यावी! फळ्यावर गणित सोडविणाऱ्या मुलाला तिसऱ्या पायरीवर अडविणें निराळें, आणि उत्तरपत्रिकेवर शेवटीं नुसतें 'चूक' लिहिणें निराळें. ज्यानें शाळेंत आयुष्य काढलें, त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाहीं.

यावर टेन्सरफ्लोमध्येंच 'इंटरॲक्टिव्ह सेशन' नांवाचा एक उतारा होता. ही बैठक मांडतांच ती स्वतःला चालू बैठक म्हणून नेमून घेई. मग प्रत्येक वेळीं तिचें नांव न घेतां 'इव्हॅल' म्हटलें कीं उत्तर मिळे. मात्र सोय आली तशी जबाबदारीहि आली. साधें सेशन 'विथ' या शब्दाच्या कक्षेंत उघडलें, तर ती कक्षा संपतांच आपोआप मिटे. हें सेशन आपल्या हातानें 'क्लोज' करावें लागे. विद्यार्थी तोच तुकडा पुन्हां पुन्हां चालवीत, जुन्या बैठका उठवावयाच्या राहत, आराखडाहि फुगत जाई. शिवाय टेन्सरफ्लो आरंभींच चित्रप्रक्रियकाची जवळजवळ सारी स्मृति अडवून धरी, आणि सेशन मिटलें तरी, मूळ कार्यक्रम संपेपर्यंत, ती दुसऱ्यास मिळत नसे.

सर्वांत मोठा धोका वेगळाच होता. शिकलेले अंक त्या बैठकींतच राहत. ते 'सेव्हर'कडून जतन करून न घेतां बैठक उठविली, तर तासांची शिकवणी पुसली जाई. म्हणजे उठवावयास विसरलें तर अडगळ, आणि घाईनें उठविलें तर नुकसान.

इतरत्र निराळा विचार चालूच होता. जपानांत २०१५ मध्यें 'चेनर' या संग्रहानें 'चालवीत चालवीत आराखडा घडवा' हें तत्त्व घेतलें. जानेवारी २०१७ मध्यें फेसबुकचा 'पायटॉर्च' त्याच वाटेनें आला आणि संशोधकांना तो आवडला. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं गूगलनेंहि 'ईगर एक्झिक्यूशन', म्हणजे तत्काळ अंमलबजावणी, प्रायोगिक म्हणून जाहीर केली. प्रथम ती कार्यक्रमाच्या आरंभींच चालू करावी लागे. आराखड्याचें काम सुरू झाल्यावर मध्येंच वळतां येत नसे. ३० सप्टेंबर २०१९ रोजीं टेन्सरफ्लोची दुसरी आवृत्ति निघाली, तींत हीच रीत मूळ ठरली, आणि सेशन जुन्यांच्या सोयीसाठीं राखलेल्या कोपऱ्यांत गेलें. आतां दोन आणि तीन मिळविले कीं लगेच पांच येतात. शिकलेले अंक साध्या वस्तूंप्रमाणें कार्यक्रमांत राहतात. त्यांना धरून ठेवणारें नांव उरलें नाहीं म्हणजे ते जातात.

मग आराखडा हरला काय? नाहीं. वेग हवा तेथें 'फंक्शन' या खुणेनें तोच आराखडा परत बोलावितां येतो. मात्र तेथें जुना धडाहि परत येतो : अशा तुकड्यांत साधी 'प्रिंट' आज्ञा लिहिली, तर ती आराखडा आंखला जातांना चालते, पुढील प्रत्येक वेळीं नाहीं. बेसावध विद्यार्थी येथें हमखास गोंधळतो. पायटॉर्चनेंहि २०२३ मधील दुसऱ्या आवृत्तींत 'कंपाइल'ची सोय घेतली.

म्हणून हा एका मताच्या विजयाचा इतिहास नव्हे. शोधतांना आणि शिकतांना माणसाचा वेळ मोलाचा. तेथें उत्तर लगेच मिळावें. सिद्ध झालेलें काम लाखों वेळां करावयाचें, तेथें यंत्राचा वेळ मोलाचा. तेथें आराखडा हवा. १९६१ मध्यें जी गोष्ट एकदां शिकली गेली, ती २०१५ नंतर पुन्हां शिकावी लागली. बैठक कोणीं मांडली, तिच्यांत काय ठेवलें आणि ती कोणीं उठवावयाची, हें ज्याला सांगतां येतें, त्याच्या हातीं दोन्ही रीती सुखरूप आहेत.