मचाण, लपण आणि कॅमेरा : चांदा-धानोरा वनप्रदेशातील व्याघ्रदर्शनाचा इतिहास

गडचिरोलीहून पूर्वेस छत्तीसगढकडे जाणाऱ्या मार्गावर धानोरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व मुलूख चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यातच मोडत असे. या प्रदेशाचा इतिहास लिहिताना गोंड राजघराणे, जमीनदाऱ्या आणि सागवानाचा व्यापार यांचा विचार सामान्यतः केला जातो. परंतु येथील माणसाने वाघाकडे कोठे बसून पाहिले, कशासाठी पाहिले आणि पाहिलेले कोणाच्या नावे नोंदले गेले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. त्याची रूपरेषा मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दांचा विचार करू. झाडाच्या फांद्यांवर किंवा खांबांवर बांधलेला माचा म्हणजे मचाण. जमिनीवर पालापाचोळ्याने, फांद्यांनी झाकलेली दडून बसण्याची जागा म्हणजे लपण. मचाण ही शिकाऱ्याची निर्मिती नव्हे. उभ्या पिकातून रानडुकरे व हरणे हाकलण्यासाठी शेतकरी रात्री मचाणावर जागत आला आहे. शिकाऱ्याने ही राखणीची जागा उचलून अरण्यात नेली. तिच्या उपयोगाचे नियम मात्र दोघांनाही सारखेच लागू होते : वाऱ्याची दिशा पाहून बसावे, सूर्यास्तापूर्वीच जागा धरावी, हालचाल व आवाज करू नये. वाघ सहसा वर पाहत नाही आणि उंचीमुळे माणसाचा वास जमिनीलगत पसरत नाही, या दोन गोष्टींवर मचाणाची सारी उपयुक्तता अवलंबून आहे.

इंग्रजी अमलात मध्यप्रांतातील शासकीय जंगले शिकारीसाठी निरनिराळ्या विभागांत वाटून परवान्याने दिली जात. जिल्ह्याच्या पूर्व भागात जमीनदाऱ्या होत्या. त्यांपैकी अहिरीची सर्वांत मोठी. तेथील रानावर जमीनदाराचा अधिकार चाले. ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशातील जमीनदारी हक्क संपुष्टात आले व ही जंगले शासनाकडे गेली. शिकारीचे प्रकार मुख्यतः दोन होते. एकात हाका घालून, म्हणजे माणसांची रांग रानातून आरडाओरड करीत पुढे नेऊन, जनावर बंदुकीसमोर आणले जाई. दुसऱ्यात बोदा बांधून किंवा वाघाने केलेल्या गाऱ्यावर मचाण बांधून वाट पाहिली जाई. पहिल्या प्रकारात वाघ क्षणभर दिसतो. दुसऱ्यात कित्येक तास त्याचे वर्तन पाहावयास मिळते. म्हणून वाघाविषयीचे पुष्कळसे जुने ज्ञान हे गाऱ्यावर बसलेल्या माणसाचे ज्ञान आहे.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, तर मध्यप्रांताच्या वनखात्यातील अधिकारी डनबार ब्रँडर यांचा येथील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ १९२३ मध्ये. या दोन ग्रंथांमधील अर्धशतकात दृष्टी पालटल्याचे जाणवते. पहिल्यात शोध आणि साहस यांना प्राधान्य आहे. दुसऱ्यात प्राण्याच्या सवयींचे सूक्ष्म निरीक्षण आहे आणि तो कमी होत चालल्याची चिंताही आहे. तथापि एक गोष्ट दोहोंच्या काळात समान राहिली. वाघाचा माग काढणारा, गारा शोधणारा, मचाणाचे झाड निवडणारा माणूस बहुधा गोंड किंवा अन्य वनवासी असे; ग्रंथावर नाव मात्र बंदूकवाल्याचे येई. या साहित्याचा साधन म्हणून उपयोग करताना अभ्यासकाने हे विसरता कामा नये.

बंदुकीच्या जागी कॅमेरा येण्याचा आरंभ चांद्याच्या रानात नव्हे, हिमालयाच्या पायथ्याशी झाला. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांची रात्री प्रकाशझोताने घेतलेली प्राण्यांची छायाचित्रे १९०६ मध्ये छापली गेली होती. संयुक्त प्रांताच्या वनखात्यातील एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी ती पद्धत वाघासाठी वापरली. वाटेवर तार ताणून ठेवावयाची. वाघाचा पाय तारेला लागताच उजेड पडून छायाचित्र निघावयाचे. त्यांचे व्याघ्रभूमीतील कॅमेऱ्याविषयीचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात व त्यांवरून तो वाघ ओळखता येतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. या निरीक्षणाचे महत्त्व पुढे साठ-सत्तर वर्षांनी कळून आले. जिम कॉर्बेट यांची अडचण निराळी होती. चलच्चित्राच्या यंत्राची घरघर वाघाला बुजवी. म्हणून त्यांनी ओढ्याकाठी बैठक निवडली आणि पाण्याच्या खळखळाटात तो आवाज बुडविला. शिकाऱ्याला नेम साधल्यावर मौनाची गरज उरत नाही. छायाचित्रकाराला मात्र वाघ निघून जाईपर्यंत नसल्यासारखे राहावे लागते. मचाणावरील शिस्त कॅमेऱ्यामुळे अधिकच कडक झाली, ती अशी.

शास्त्रीय निरीक्षणाच्या दृष्टीने जुन्या मध्यप्रांतातच एक महत्त्वाचे काम झाले. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे अभ्यास केला व त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये प्रकाशित झाला. बांधलेले जनावर आणि जवळचे लपण ही साधने शिकाऱ्याचीच होती. परंतु शेवटी गोळी सुटत नव्हती. त्यामुळेच वाघ एकटा हिंडत असला तरी प्रसंगी एकाच भक्ष्यावर अनेक वाघ एकत्र येतात, हे पाहता आले. गोळी झाडताच जे दृश्य संपून जाई, ते येथे पुढे चालू राहिले.

चांद्यात या परिवर्तनाचे केंद्र ताडोबा हे होते. तेथे १९३५ मध्ये शिकारीस बंदी झाली आणि १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. त्यावेळी चांदा मध्यप्रदेशात होता. पुढील वर्षी राज्यपुनर्रचनेने तो मुंबई राज्यात आला आणि हे उद्यान पुढे महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले व १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. दरम्यान १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेली व्याघ्रप्रकल्पाची योजना यांमुळे मचाणावरील बंदुकीचे पर्व कायद्याने संपले.

मचाण मात्र संपले नाही. वैशाखात सागाचे रान निष्पर्ण असते, नाले आटलेले असतात आणि उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरांना यावेच लागते. त्यात बुद्धपौर्णिमेचा लख्ख चंद्रप्रकाश. या तीन गोष्टींच्या मेळातून पाणवठ्यावरील रात्रीच्या गणनेची प्रथा विदर्भात रूढ झाली. मचाणावर बसावे आणि येणारे प्रत्येक जनावर वेळेसह टिपावे, अशी ही पद्धत. तिचा दोष उघड आहे : एकच वाघ दोन पाणवठ्यांवर गेला तर तो दोनदा मोजला जाईल. १९६६ मध्ये ओरिसातील एस. आर. चौधरी यांनी पाऊलठशांची पद्धत मांडली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे सांगितले गेले. त्याही पद्धतीची विश्वसनीयता पुढे डळमळली. उल्हास कारंत यांनी नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची आणि त्यावरून संख्याशास्त्राने अंदाज बांधण्याची रीत १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. चॅम्पियनची तार अशा प्रकारे गणिताला जोडली गेली. २००६ च्या देशव्यापी गणनेत हा मार्ग स्वीकारला गेला व १,४११ हा धक्का देणारा आकडा पुढे आला; २०२२ च्या गणनेचा अंदाज ३,६८२ असा आहे. बुद्धपौर्णिमेची रात्र आता निसर्गानुभव म्हणून उरली आहे, गणनेचा आधार म्हणून नाही.

मराठी वाङ्मयातही हा पालट उमटलेला आहे. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ आणि वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे लेखन यांत माणूस अरण्यात बसून राहतो व पाहतो. रानातील माणसांकडून आपण शिकलो, हे चितमपल्ली यांनी वारंवार नमूद केले आहे. इंग्रजी शिकारग्रंथांतील उणीव मराठीत अंशतः तरी भरून निघाली, असे यावरून म्हणता येईल.

आता धानोऱ्याकडे वळू. ताडोबा व ब्रह्मपुरी भागांत वाघ वाढले, वैनगंगा ओलांडून ते गडचिरोली जिल्ह्यात पसरले. मोह वेचण्यास, तेंदूपाने तोडण्यास वा सरपणास रानात गेलेली माणसे त्यांत मृत्युमुखी पडली. तेरा जणांचे बळी घेतल्याचे सांगितले गेलेला ‘सीटी-१’ हा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनविभागात बेशुद्ध करून पकडण्यात आला. ज्याच्यासाठी वाघाचे दर्शन ही जिवावरची गोष्ट आहे, त्याला पर्यटकाच्या मचाणावरील आनंद सांगून उपयोग नाही.

येथेच प्रस्तुत इतिहासाचा वर्तमानाशी संबंध येतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामुळे रान कोणी राखावयाचे याचे उत्तर तेथे बदलले. पाहण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. झाडाला बांधलेला कॅमेरा वाघाबरोबर वाटेने जाणाऱ्या माणसालाही टिपतो; परंतु त्या चित्रातून निघणारी माहिती आज कोणता वाघ कोठे आहे हे सांगून त्याच माणसाचा जीव वाचवू शकते. ती माहिती प्रथम गावाला मिळाली पाहिजे. शिकारीच्या काळात माग काढणाऱ्याचे नाव ग्रंथातून गळले. कॅमेऱ्याच्या काळात त्याचा वाटा नोंदीतून गळू नये. शेताच्या राखणीसाठी ज्याने प्रथम मचाण बांधले, त्याच्याकडे मचाणावरून मिळालेले ज्ञान परत जावे, ही अपेक्षा केवळ न्यायाची नाही. रान रोज पाहणारा माणूस सहभागी झाल्याशिवाय वाघाचे संरक्षण या मुलखात टिकणार नाही, असाच या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आहे.