वेशीतली झडती

बैलगाडीचे धनी हाही एक समाज असतो. त्याचे स्वतःचे वाङ्मय आहे. जालना जिल्ह्यात श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला गाडी सोडलेली असते. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहणारा खांदा हळद-तुपाने मळून बैलाला जेवणाचे आवतण दिले जाते. दुसऱ्या दिवशी साऱ्या जोड्या वेशीतल्या तोरणाखाली येतात, पण पहिला मान बहुधा पाटलाच्या जोडीचा. इथवर उतरंड शाबूत आहे.

ती हलते झडतीने. जालन्याच्या शिवेला लागलेल्या बुलढाण्यापासून पुढे विदर्भात, एकेक धनी तोरणाखाली मोठ्याने यमके जुळवतो. शेजाऱ्याचा मरतुकडा बैल, सावकार, सरकार, कोणीच सुटत नाही. समोरून उत्तर येते आणि महादेवाच्या गजरात सारे मिटते. ज्याची चेष्टा होते, तो गावातला ठरतो!

शंकरपटाला निदान न्यायालय तरी लाभले : 2014 साली बंदी, 2023 साली घटनापीठाची मान्यता. शर्यत मोजक्या जोड्यांवरही चालेल. झडतीला मात्र दारोदारी बैल हवेत, आणि काही गावांत आता पोळ्याला ट्रॅक्टर सजतात.

जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांच्या प्रकल्पाने लाखावर जमवल्या. झडतीचे काम त्याहून अवघड आहे. ती कोणी, कोणाला उद्देशून म्हटली, उत्तर काय आले, हे टिपले नाही तर छापलेल्या ओळींतली कोटी वाचकाला कळतच नाही.