गोदाकाठच्या वह्या

नाशिकास रामकुंडावर यात्रेकरू उतरला म्हणजे त्याला प्रथम कुळ व गांव विचारतात. या चौकशीमागें जुनी व्यवस्था आहे. प्रत्येक घराण्याचा तीर्थोपाध्याय ठरलेला, आणि त्या घराण्याची नामावळी त्याच्याच संग्रहीं. शेजारच्या उपाध्यायाला त्या घराण्यावर अधिकार नाहीं. आपला यजमान दुसऱ्याच्या वहींत गेला कीं भांडण ठरलेलेंच.

वही उपाध्यायाची खरी, परंतु तींतला लेख यजमानाचा. वाडवडील, भाऊ, मुलगे, मूळ गांव, येण्याचें कारण आणि तिथि हें सारें तो लिहितो व खालीं सही करतो. कित्येक जुने लेख मोडींत आहेत. नवा माणूस पूर्वजांचा लेख वाचतो, मात्र खोडीत नाहीं. त्याखालीं स्वतःचा जोडतो. जपणारा एक, लिहिणारा दुसरा! हे अधिकार इतके स्वच्छ वेगळे ठेवणें मोठमोठ्या दप्तरांनाही सहसा साधत नाहीं.

उपाध्यायाच्या घरीं वांटणी झाली म्हणजे भांड्याकुंड्यांबरोबर वह्याही वांटल्या जात, कारण वही म्हणजे यजमान आणि यजमान म्हणजे उत्पन्न. यजमानाच्या घरीं तंटा झाला तर त्याच वहीला निराळेंच मोल येई. दत्तक कोण, थोरली पाती कोणती, हें ठरवितांना मृतानें तंट्यापूर्वीं केलेल्या नात्याविषयींच्या विधानाला १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें कांहीं अटींवर स्थान दिलें होतें.

मात्र ही वंशावळी मुख्यतः पुरुषांची. लेकीचा वंश शोधावयाचा तर तिच्या सासरचा उपाध्याय गांठावा लागतो, आणि वहीही त्याचीच उघडावी लागते.