सात खुणा आणि एक इंजेक्शन

आजचा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचून टाका.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे कुठलंही नवं बटण आलं की अर्ध्या युजरना दाखवायचं, अर्ध्यांना नाही, मग आकडे बघायचे. गडचिरोलीत 1990च्या दशकात असाच प्रयोग झाला, पण तिथे बटणाच्या जागी तान्ही बाळं होती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आले आणि थेट गडचिरोलीत गेले. तिथे त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. आधी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. दाईला मोजता येत नाही, मग श्वास कसे मोजणार? त्यांनी मण्यांची पाटी आणि वाळूचं घड्याळ असं एक साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. इतका भारी इंटरफेस मी तरी अजून बनवलेला नाही.

पण महिन्याच्या आतली बाळं जातच होती. मग त्यांनी 39 गावांत आधी नुसतं बघायचं ठरवलं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायका, म्हणजे आरोग्यदूत, घरोघरी जाऊन नोंदी करू लागल्या. वर्षभरात 763 बाळं तपासली. त्यातल्या 54 टक्क्यांहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती, आणि डॉक्टरपर्यंत पोचली फक्त 2.6 टक्के. बाळंतपण घरात, दवाखाना लांब, ओली बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. मग बाळ दवाखान्यात जाणार कसं?

बाळ जात नसेल तर दवाखाना घरी आणायचा. 1995 पासून आरोग्यदूतांना शिकवलं: जन्मताच श्वास नसेल तर काय करायचं, बाळ ऊबदार कसं ठेवायचं, वजन कसं करायचं. आणि जंतुसंसर्ग दिसला तर, आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसतील आणि त्यांची संमती असेल, तर जेंटामायसिनचं इंजेक्शन. हो, इंजेक्शन! सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हातात सुई, तीही नवजात बाळाला. भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या, आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझ्याही गेल्या असत्या.

शेजारच्या 47 गावांत नेहमीच्या सरकारी सेवाच चालू राहिल्या. तिथे फक्त मोजणी. हे मला आजही टोचतं. तिथली बाळंही कुणाचीतरी होतीच ना? पण ती गावं नसती तर 'पाऊस चांगला झाला म्हणून मृत्यू कमी झाले' असं म्हणायला कुणीही मोकळं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्यांचा हिशेब अजून जुळवता आलेला नाही.

निकाल 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. आरोग्यदूतांच्या गावांत दर हजार जन्मांमागे 62 बाळं दगावायची, ती तिसऱ्या वर्षी 25.5 वर आली. बाकीच्या गावांत आकडा 60च्या आसपासच राहिला. शेवटच्या वर्षी दर 18 बाळांची काळजी घेतली तेव्हा एक जीव वाचला.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र पुढचा आहे. सगळ्या नोंदी चाळून त्यांनी जंतुसंसर्ग ओळखायचा एक सोपा नियम काढला: सात खुणांपैकी कुठल्याही दोन. दूध ओढणं कमी झालं. रडणं क्षीण झालं. हातपाय लुळे पडले. उलटी किंवा पोट फुगलं. छाती जोरात आत ओढली जातेय. नाळेत पू. आणि सातवी: आई म्हणते, बाळाचं अंग गार लागतंय. थर्मामीटर काय म्हणतो ते नाही, आई म्हणते! संशोधनाच्या टेबलमध्ये आईच्या तळहाताला एक अख्खा कॉलम मिळाला. आम्ही असतो तर तो फील्ड 'अविश्वसनीय डेटा' म्हणून उडवला असता.

2011 साली केंद्र सरकारने घरपोच नवजात बाळाची काळजी देशभर आशाताईंकडे सोपवली. गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीला मुलगी झाली, तेव्हा आमच्या गावच्या आशाताई पिशवीतून झोळीचा वजनकाटा काढत आल्या. काकूने चहा ठेवला. आशाताईंनी बाळाच्या पोटाला हात लावला आणि ताईला विचारलं, "दूध नीट ओढतेय ना गं? रडते कशी?"

मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तेव्हा मला हा इतिहास माहीत नव्हता.

तुमच्या घरी आशाताई येत असतील तर त्यांना विचारून बघा, आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.